न वाजलेल्या यंत्राची साक्ष

एखाद्या जागी शोध घेतला आणि काही सापडले नाही, तर तेथे ते नव्हतेच असे म्हणण्याचा अधिकार शोधणाऱ्याला केव्हा मिळतो, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानात शतकानुशतके चर्चिला गेला आहे, आणि ईश्वराच्या अस्तित्वाच्या वादात तर त्यावरच पुष्कळसा निकाल अवलंबून राहिला आहे. ग्रंथांतले नेहमीचे उदाहरण घटाचे असते: भूतलावर घट दिसत नाही, म्हणून भूतलावर घटाचा अभाव आहे. उदाहरण निर्दोष आहे, पण सोपेही फार आहे, कारण उघड्या जमिनीवरचा घट दिसावा यासाठी डोळे उघडण्यापलीकडे काही करावे लागत नाही. तोच घट जमिनीखाली असेल, आणि त्याला शोधणारे इंद्रिय माणसाने स्वतःच्या हातांनी घडवलेले असेल, तर प्रश्नाची खरी धार जाणवते. घरी बनवलेले धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, हे असे घडवलेले इंद्रिय आहे. त्याच्या कॉइलला कपॅसिटर लावून ती जुळवणे हे वरकरणी कारागिरीचे काम वाटते. वस्तुतः ज्ञान कशाने होते आणि ते खरे कशावरून मानायचे, या विचाराचा, म्हणजे प्रमाणशास्त्राचा, तो एक प्रत्यक्ष पाठ आहे.

यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा अधांतरी राहील. एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे गोल साच्यावर गुंडाळून पहिली कॉइल तयार होते. तिच्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला, की तिच्याभोवती तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, ते जमिनीत उतरते, आणि वाटेत धातूचा तुकडा आला तर त्या तुकड्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उत्पन्न करते. या प्रवाहांचे स्वतःचे एक दुबळे क्षेत्र असते आणि ते परत वर येते. ते टिपण्यासाठी दुसरी, म्हणजे ग्राहक, कॉइल असते. ती पहिल्या कॉइलवर अशा बेताने अर्धवट चढवलेली असते की पहिलीचे थेट क्षेत्र तिच्यात जवळजवळ शून्य व्हावे आणि केवळ जमिनीतून आलेला प्रतिसाद उरावा. तारेच्या गुंडाळीच्या अंगी प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा जो गुण असतो त्याला इंडक्टन्स म्हणतात, तर कपॅसिटर विद्युतभार साठवून ठेवतो. हे दोन्ही एकत्र जोडले की ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून कपॅसिटरच्या विद्युत क्षेत्रात आणि तेथून परत अशी ये-जा करू लागते. ज्या वारंवारतेला ही ये-जा बाहेरच्या अत्यल्प साहाय्याने सर्वांत जोमाने चालते, ती त्या जोडीची अनुनाद-वारंवारता होय. कॉइल १ मिलिहेन्रीची आणि कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा असेल, तर ती सुमारे १५.९ किलोहर्ट्झ येते. कपॅसिटरचे मूल्य दुप्पट केले तर ती निम्मी होत नाही, दोनच्या वर्गमुळाने भागली जाऊन ११.३ किलोहर्ट्झच्या आसपास उतरते.

कागदावरचे हे गणित आणि हातातली वस्तू यांत अंतर राहते, आणि जुळवणीचे सगळे काम त्या अंतरातच चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मिळणाऱ्या कपॅसिटरच्या अंगावर १०४ असा आकडा छापलेला असतो. त्याचा अर्थ १० पुढे चार शून्ये इतके पिकोफॅरड, म्हणजेच १०० नॅनोफॅरड. पण आकड्यापुढे ‘जे’ हे रोमन अक्षर असेल तर मूल्यात पाच टक्के आणि ‘के’ असेल तर दहा टक्के मागेपुढे चालते अशी ती उघड कबुली असते. कपॅसिटरमधील पाच टक्क्यांच्या फरकाने वारंवारता अडीच टक्क्यांनी हलते. हाताने गुंडाळलेल्या कॉइलचे वेढे कुठे सैल, कुठे घट्ट असतात, आणि तिच्यावर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या कवचामुळेही मूल्य थोडे सरकते. या कवचात एके ठिकाणी फट ठेवावी लागते, नाहीतर ते स्वतःच एक बंद वेढा होऊन बसते आणि यंत्राला सर्वत्र धातूच जाणवू लागतो. म्हणून जाणता कारागीर हिशोबाने आलेल्या मूल्याचा एकच कपॅसिटर लावून थांबत नाही. तो आधी वारंवारता मोजतो आणि मग मुख्य कपॅसिटरला समांतर असे लहान कपॅसिटर एकेक सोल्डर करत जातो, कारण समांतर जोडलेल्यांची मूल्ये सरळ मिळवली जातात. वर घेतलेल्या जोडीत ४७२ छापाचा, म्हणजे ४.७ नॅनोफॅरडचा, एक कपॅसिटर वाढवला की वारंवारता सुमारे ०.३६ किलोहर्ट्झने खाली येते. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने कपॅसिटर तापलेला असताना घेतलेले माप तो निवल्यावर टिकत नाही, म्हणून प्रत्येक जोडणीनंतर थांबावे लागते. हे थांबणे वेळकाढूपणाचे वाटू शकेल. पण शोधणारे इंद्रिय स्वतःच बदलत असताना त्याने दिलेली साक्ष ग्राह्य धरायची नाही, हा नियम तेथे पाळला जात असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टाने आपल्या श्लोकवार्तिकात अभावाच्या ज्ञानाला स्वतंत्र साधन मानले. त्याच्या मते घट नसल्याचे ज्ञान डोळ्यांनी होत नाही, कारण जे नाही त्याच्याशी डोळ्यांचा संबंध येणार कसा? म्हणून ‘न आढळणे’ हेच त्या ज्ञानाचे साधन होय, आणि त्याला अनुपलब्धी हे नाव आहे. अद्वैत वेदान्त्यांनी हे मत उचलले. नैयायिकांनी ते नाकारले आणि अभावाचे ज्ञानही प्रत्यक्षानेच होते असे प्रतिपादिले. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने न आढळणे हा अनुमानाचा एक हेतू ठरवला. या तीन पक्षांत पराकोटीचे मतभेद असले तरी एका अटीवर तिन्ही एकत्र येतात: कोणतेही न आढळणे अभाव सिद्ध करत नाही, तर जी वस्तू तेथे असती तर आढळलीच असती, तिचेच न आढळणे अभाव सिद्ध करते. वेदान्ती या अटीला योग्यता आणि अशा न आढळण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. ज्याचा अभाव सांगायचा त्या वस्तूला प्रतियोगी असे पारिभाषिक नाव आहे. सतराव्या शतकातील धर्मराजाध्वरींद्राच्या वेदान्तपरिभाषेत ही अट फार स्वच्छ शब्दांत मांडलेली आहे. लख्ख उजेडात घट दिसला नाही तर घट नाही असे म्हणता येते, कारण तो असता तर दिसला असता. अंधारात मात्र ही ‘असता तर’ची साखळी तुटते, आणि न दिसणे तसेच असले तरी त्यातून ज्ञान निष्पन्न होत नाही. भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशासारखा ग्रंथ उघडून या शब्दांच्या व्याख्या चाळल्या तर लक्षात येते की पंडितांनी आपले बळ अभावाच्या स्वरूपाइतकेच या अटीच्या बारकाव्यांवर खर्च केले आहे, आणि त्यांचे ते खर्च करणे योग्यच होते.

मुका राहिलेला मेटल डिटेक्टर नेमका या अंधार-उजेडाच्या सीमेवर उभा असतो. त्याचे मौन दोन अर्थांचे असू शकते: जमिनीत धातू नाही, किंवा यंत्राला ऐकू येत नाही. बाहेरून दोन्ही मौने अगदी सारखी असतात. त्यांना वेगळे करण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे शोध सुरू करण्यापूर्वी ओळखीचा धातूचा तुकडा मोजलेल्या खोलीवर पुरून त्यावरून कॉइल फिरवणे. वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या आरंभीच म्हटले आहे की प्रमाणाचे खरेपण त्यावर विसंबून केलेली कृती फळाला येण्यावरून कळते, आणि या फळाला येण्याला तो प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतो. पुरलेल्या तुकड्यावर यंत्र वाजले की त्याच्या वाजण्याचे खरेपण तर कळतेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या क्षणापासून त्याच्या न वाजण्यालाही अर्थ प्राप्त होतो. मात्र ही योग्यता प्रतियोगीनुसार बदलते, हे विसरून चालत नाही. तांब्याच्या जाड तुकड्यावर, वीतभर खोलीवर सिद्ध झालेले मौन सोन्याच्या बारीक मण्याबद्दल किंवा हातभर खोलीबद्दल काहीही सांगत नाही. ‘येथे धातू नाही’ असे वाक्य त्यामुळे बहुधा अपुरे असते. ‘येथे इतक्या आकाराचा, इतक्या खोलीपर्यंत, अशा जातीचा धातू नाही’ एवढेच बोलण्याचा हक्क मिळालेला असतो, आणि तेवढेच बोलणे हा ज्ञानाचा सदाचार आहे.

भूमीही या व्यवहारात मूक साक्षीदार नसते, आणि यासाठी उरण तालुक्यातील जासईची जमीन विचारात घेण्याजोगी आहे. खाडीच्या काठची ही खारजमीन. एके काळी भातशेती आणि मिठागरे यांची, आणि आता जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारे रस्ते, मालगाड्यांचा लोहमार्ग, कंटेनर यार्ड आणि शिवडीहून समुद्र ओलांडून आलेला अटल सेतू यांनी वेढलेली. खाऱ्या पाण्याने भिजलेली माती वीज वाहून नेते, त्यामुळे तिच्यातही दुबळे भोवरी प्रवाह फिरतात आणि यंत्राला ती धातूच्या पातळ वर्खासारखी भासते. याच मातीवर रस्त्यांसाठी आणि यार्डांसाठी डोंगरातला मुरूम आणि काळा दगड यांचा भराव पडलेला आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते, आणि त्याचा प्रतिसाद खाऱ्या मातीच्या प्रतिसादाहून वेगळ्या जातीचा, चुंबकीय असतो. चार पावलांच्या अंतरात जमीन दोन वेगवेगळ्या भाषांत बोलते, आणि एका भाषेशी जुळवून शांत केलेले यंत्र दुसरीत शिरताच बरळू लागते. वर खिळे, बांधकामाची बाइंडिंग वायर, पत्र्याचे तुकडे यांचा खच, आणि शेजारी पोलादी कंटेनरांच्या राशी.

असलेली वस्तू का आढळत नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत एकत्र दिली आहेत: फार दूर असणे, फार जवळ असणे, इंद्रिय बिघडलेले असणे, मन ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आड येणे, बलवत्तर वस्तूने झाकोळणे आणि सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे. दोन वाक्यांतही बसेल एवढ्याशा मजकुरात सांगितलेली ही यादी जासईच्या भरावावर यंत्र घेऊन उतरणाऱ्याला जितकी उपयोगी पडेल तितकी एखादी तांत्रिक पुस्तिकाही क्वचितच पडेल. सातवे कारण, ज्याला ग्रंथात अभिभव म्हणतात आणि ज्याचे उदाहरण म्हणून सूर्यप्रकाशात न दिसणारे तारे दिले जातात, ते येथे विशेष खरे ठरते, कारण मोठ्या लोखंडी तुकड्याच्या प्रतिसादात शेजारच्या लहान नाण्याचा प्रतिसाद बुडून जातो. नाणे तेथे असते, यंत्रही निर्दोष असते, आणि तरीही त्याला ते आढळत नाही. आठवे कारण, समानाभिहार, म्हणजे तळ्यात पडलेल्या पावसाच्या थेंबासारखे सजातीयांत हरवून जाणे, हे पातळ धातू आणि खारी माती यांच्या बाबतीत जसेच्या तसे लागू पडते. सांख्यांना ही यादी प्रकृतीसारखे सूक्ष्म तत्त्व न दिसण्याचे समर्थन करण्यासाठी हवी होती. पण तिचे मोल त्या समर्थनापुरते नाही. न आढळण्याची कारणे आधी मोजून काढल्याशिवाय नसल्याचा निर्णय द्यायचा नाही, अशी जी शिस्त तिच्यामागे आहे, ती कोणत्याही दर्शनाच्या माणसाला स्वीकारावी लागेल.

ग्राहक कॉइलला कपॅसिटर लावताना एक अशी गोष्ट करावी लागते, जी नवख्याला विपरीत वाटते. ऐकणारी कॉइल बोलणाऱ्या कॉइलच्या वारंवारतेशी तंतोतंत जुळवली तर तिला सर्वांत जास्त ऐकू येईल हे उघड आहे, आणि तरी पुष्कळ अनुभवी रचनाकार तिला मुद्दाम थोडी बाजूला ठेवतात. कारण असे, की धातूची जात ओळखायची ती परत आलेल्या लहरीच्या मोठेपणावरून नव्हे, तर तिच्या फेजवरून, म्हणजे मूळ लहरीच्या मानाने ती किती मागेपुढे आली यावरून. वर घेतलेल्या जोडीत कॉइलचा रोध ५ ओहम धरला तर अनुनाद बराच टोकदार होतो. अशा वेळी नेमक्या अनुनादावर बसवलेल्या कॉइलची स्वतःची वारंवारता उन्हाने तापून एका टक्क्याने जरी सरकली, तरी फेज सुमारे २२ अंशांनी ढळतो. तीच कॉइल १० टक्के बाजूला ठेवली असेल तर तितक्याच सरकण्याने तो एका अंशाच्या थोडा वर ढळतो. किंमतही मोजावी लागते, कारण बाजूला ठेवल्याने आवाज जवळपास एक चतुर्थांशावर येतो. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरचे मूल्य तापमानाबरोबर एवढे बदलू शकते की दुपारच्या उन्हात एक टक्का ही काही मोठी गोष्ट नव्हे; पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर पुष्कळ स्थिर राहतो, म्हणून जुळवणीसाठी तो पसंत केला जातो. नेमक्या अनुनादावर बसवलेले यंत्र तापले तर ते बहिरे होत नाही. ते मोठ्या आवाजात लोखंडाला तांबे म्हणू लागते.

न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाची जी व्याख्या आहे तिच्यात ते ज्ञान अव्यभिचारी असावे, म्हणजे विषयाला सोडून भटकणारे नसावे, अशी मागणी आहे. ते तीव्र असावे अशी मागणी कोठेही नाही. व्याख्येतील हे मौन सहज नजरेआड होते. धर्माच्या क्षेत्रात तीव्रतेलाच प्रामाण्य समजण्याची चूक पदोपदी घडते: ज्याला अनुभव जोराने आला त्याला तो खरा आला असे मानले जाते, आणि सर्वांत उत्कट साधक हा सर्वांत विश्वासू साक्षीदारही असणार असे गृहीत धरले जाते. उत्कटता टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. ती नसेल तर शोधच सुरू होणार नाही. पण शोधणारा जितका आपल्या अपेक्षेशी तंतोतंत जुळलेला असेल, तितका परिस्थितीच्या लहानशा बदलानेही तो दिशा चुकण्याचा संभव अधिक, आणि म्हणून थोडे कमी ऐकू येणे पत्करून ऐकलेले टिकाऊ ठेवणे हा विरक्तीचाच एक प्रकार मानायला हरकत नाही.

अपेक्षेने शोधाला कसे वळण लागते याचे इतिहासातील सर्वांत दुःखद उदाहरण याच यंत्राच्या जन्मकाळचे आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली, आणि ती शरीरात नेमकी कोठे रुतली हे कळेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दोन कॉइलांचा समतोल साधून धातू ओळखणारे उपकरण तातडीने सिद्ध केले. जुलैअखेरच्या पहिल्या प्रयत्नात कंडेन्सर, म्हणजे आजच्या भाषेत कपॅसिटर, चुकीचा जोडला गेल्याने उपकरणातून निरर्थक खरखर येत राहिली. १ ऑगस्टच्या दुसऱ्या प्रयत्नात उपकरण चालू होते, पण रुग्णाच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. या दोन्ही दोषांहून गंभीर दोष यंत्राबाहेरचा होता. गोळी उजव्या बाजूला आहे अशी प्रमुख डॉक्टरांची खात्री असल्याने शोध त्याच बाजूला घेतला गेला. १९ सप्टेंबरला अध्यक्षांचे निधन झाले आणि शवविच्छेदनात गोळी डावीकडे आढळली. कुमारिलाच्या भाषेत सांगायचे तर ज्या भूतलावर पाहिलेच नाही, त्या भूतलाबद्दल न आढळणे हा शब्दच लागू पडत नाही.

महाराष्ट्रात जमिनीखालच्या धातूचा शोध हा विषय निघाला की गुप्तधनाची आठवण अपरिहार्य आहे. पायाळू, म्हणजे जन्मताना पायांनी बाहेर आलेल्या, माणसाच्या डोळ्यांत मांत्रिकाने विशिष्ट अंजन घातले की त्याला जमिनीत पुरलेले धन दिसते, हा समज गावोगाव होता आणि पूर्ण गेलेला नाही. त्यापायी माणसांचे, लहान मुलांचेही बळी गेलेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये स्पष्टपणे समाविष्ट आहेत. मांत्रिक आणि मेटल डिटेक्टर दोघेही अदृश्याचा शोध घेतात; मग भेद कोठे? एकाकडे वीज आहे आणि दुसऱ्याकडे मंत्र, एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण विजेचे यंत्रही वाईट जुळवलेले असेल तर फसवतेच. भेद असा, की मांत्रिकाच्या पद्धतीत न सापडण्याला काही अर्थच ठेवलेला नसतो. धन निघाले नाही तर ते सरकले, राखणदार रुष्ट झाला, मुहूर्त टळला, विधीत उणीव राहिली. कारण प्रत्येक वेळी जगाच्या किंवा यजमानाच्या माथी जाते, आणि ‘असते तर सापडले असते’ हे वाक्य त्या पद्धतीत उच्चारताच येत नाही. ज्या शोधाच्या मौनाला किंमत नाही, त्याच्या बोलण्यालाही किंमत उरत नाही, आणि अशा शोधासाठी एक केसही वाकडा करणे हा अधर्म आहे. 

ईश्वराच्या प्रश्नावर याच अटीची सर्वांत कसोशीची परीक्षा झाली ती उदयनाचार्याच्या न्यायकुसुमांजलीत. दहाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या या मैथिल नैयायिकाने ग्रंथाच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, ईश्वर आढळत नाही म्हणून नाही, या आक्षेपाचा समाचार घेतला आहे. नुसते न दिसणे अभाव सिद्ध करत असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने दिसेनाशा झालेल्या बायकामुलांसाठी शोक करावा लागेल, असे तो प्रतिपक्षाला सुनावतो. आणि योग्यतेची अट घातली, तर ईश्वर हा इंद्रियांना दिसण्याजोगा विषयच नसल्याने त्याचे न दिसणे त्याच्या विरुद्ध पुरावा होत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि निरीश्वरवाद्याने तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. मात्र ही ढाल घेणाऱ्यालाही तिची किंमत चुकवावी लागते. जे कोणत्याही यंत्राच्या टप्प्यात येत नाही म्हणून नाकारता येत नाही, ते यंत्र वाजले म्हणून सिद्धही करता येत नाही. मूर्तीच्या अंगावरचा ओलावा, ज्योतीचे विशिष्ट डोलणे, एखाद्या स्थानी जाणवणारी कंपने यांना साक्षीदार म्हणून उभे करणारा भक्त उदयनाने बांधलेली तटबंदी स्वतःच्या हाताने पाडत असतो. उदयनाला हे ठाऊक होते. म्हणूनच ईश्वरसिद्धीसाठी तो पाचव्या स्तबकात जगाच्या कार्यरूपतेपासून निघणाऱ्या अनुमानांकडे वळतो. ती अनुमाने पटोत वा न पटोत, त्यांना तपासण्याची जागा तरी निश्चित आहे.

सांख्यांच्या यादीतील दुसरे कारण, फार जवळ असणे, याचे टीकाग्रंथांतले उदाहरण डोळ्यातल्या अंजनाचे आहे: ते डोळ्यातच असल्याने डोळ्याला दिसत नाही. यंत्राच्या बाबतीत हे कारण रचनेतच मुरलेले असते. दोन कॉइलांमधले तांबे हे त्या परिसरातले यंत्राच्या सर्वांत जवळचे तांबे असते, आणि समतोल साधण्याची सारी खटपट ते तांबे ऐकू येऊ नये यासाठीच असते. ते ऐकू येऊ लागले तर दुसरे काहीच ऐकू येणार नाही. ज्ञानदेवांनी अमृतानुभवाच्या अज्ञानखंडनात प्रमाणांनी अज्ञान शोधू पाहणाऱ्याची अडचण दाखवली आहे, आणि स्वयंप्रकाश वस्तूला प्रमाणाचा उजेड लागत नाही हे त्यांचे प्रतिपादन तर सर्वश्रुत आहे. तेथे ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ या दोन कोटींबाहेरची तिसरी शक्यता समोर येते, की जे आढळत नाही ते शोधणाऱ्याच्या टप्प्याबाहेर नसून शोधणेच त्याच्या बळावर चाललेले आहे. ही शक्यता कपॅसिटर बदलून तपासता येत नाही. पण तिचे स्थान कोठे आहे, एवढे तरी जुळवणीच्या पाटावर स्पष्ट दिसते.

न आढळण्याचा प्रश्न जासईत केवळ मातीपुरता राहिलेला नाही. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध याच गावचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या लढ्यातून संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ धारकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. या हिशोबाचे साधन सातबाऱ्याचा उतारा हे होते. सातबारा हेही एक शोधक यंत्रच आहे, विशिष्ट वारंवारतेला जुळवलेले: धारकाचे नाव, क्षेत्र, पीक हे त्याला ऐकू येते. गावठाणाबाहेर कुटुंब वाढले म्हणून गरजेपोटी बांधलेले घर त्याला ऐकू येत नाही, आणि ओहोटीच्या वेळी खाडीत जाळे टाकणाऱ्याचा पिढीजात वावर तर मुळीच नाही, कारण खाडीला गट क्रमांक नसतो. नोंद नाही म्हणून हक्क नाही, असे वाक्य ज्या ज्या वेळी उच्चारले जाते, त्या वेळी धर्मराजाध्वरींद्राची अट विचारणे हे पंडिती कुतूहल राहत नाही: हक्क असता तर या दप्तरात त्याची नोंद झालीच असती, असे दाखवता येते काय? दाखवता येत नसेल, तर दप्तराचे मौन हे अंधारातले न दिसणे आहे.

२०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाने उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांच्या ज्या दाव्याचा निकाल दिला, त्यात नेमका हा पेच होता. बंदराच्या विस्तारामुळे ज्या उपजीविकेची हानी झाली म्हणून सांगितले जात होते, ती कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेली नव्हती. न्यायाधिकरणाने उताऱ्यापाशी न थांबता भरतीच्या पाण्याला झालेला अडथळा, होड्यांच्या येण्याजाण्याचे अडलेले मार्ग आणि नष्ट झालेली खारफुटी यांच्याकडे पाहिले, आणि १,६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला.